लाल दोरा, हिरवा दोरा

३ मार्च

चिमे,

तुमच्याकडच्या दुकानात तिळाच्या चकत्या मिळतात का बघ. निळा पुडा असतो, पोस्टकार्डाएवढा, आणि आतल्या चकत्या इतक्या पातळ की उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसावं. मी परवा पहिल्यांदा आणल्या आणि उभ्याउभ्या अर्धा पुडा संपवला. दाताखाली असा आवाज होतो की शेजारच्या खोलीत कुणी असतं तर "काय पडलं?" म्हणत धावत आलं असतं. शेजारच्या खोलीत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात तिळाच्या चकत्या! तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण सुरुवात कुठून करावी ते मला सुचेना. तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चकत्यांइतके नाही. रिकाम्या माणसाला सकाळी कुठेतरी जायला लागतं, म्हणून मी रोज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक फळी आहे. दुकानवाल्या बाई नवीन आलेला माल तिच्यावर मांडतात आणि वर खडूने 'नवीन' असं लिहितात. मी चौतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात चाखण्याच्या खात्यात होतो हे मी बाईंना निदान चार वेळा ऐकवलंय, त्यामुळे त्या मला 'बिस्किटवाले' म्हणतात. "बिस्किटवाले, आज काही नाही, उद्या या." मग मी उद्या जातो. आपल्याला 'उद्या या' म्हणणारं कुणीतरी असणं किती मोलाचं असतं, हे मला नोकरीत असताना कधी कळलं नाही.

तुझं मोठं पातेलं माझ्याकडेच आहे. माझ्या निरोपाच्या जेवणाच्या दिवशी तू निघालीस ती फक्त झाकण घेऊन. रागात माणूस हाताला लागेल ते उचलतो. पातेलं घासून पालथं घालून ठेवलंय. त्या दिवसाबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

चकत्या मिळाल्या तर कळव.

दादा


१४ मार्च

चिमे,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी कुठे दोन वर्षं लिहीत होतो?

या आठवड्यात फळीवर तीन गोष्टी आल्या. पहिली, मोहरीची पेस्ट, ट्यूबमधली. दात घासायची पेस्ट असते तशीच ट्यूब, त्यामुळे न्हाणीघरात ठेवायची नाही हे मी स्वतःला बजावून ठेवलंय. पावाला बोटभर लावली आणि घास तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानशिलं गरम! खुर्चीचा हात धरून बसलो आणि मग मोठ्याने हसलो. दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, "अहो, काय दिलंत हे? मेलो असतो." त्या म्हणाल्या, "मेला नाहीत ना? मग अजून एक घेऊन जा." मी घेतली.

दुसरी, पुदिन्याच्या पांढऱ्या गोळ्या. त्यातली एक तोंडात ठेवून वर गार पाणी प्यायचं. घशात खिडकी उघडल्यासारखं होतं. तिसरी म्हणजे डाळिंबाचे सोललेले दाणे, डबीत भरून. आपण लहानपणी डाळिंब सोलताना कपडे खराब करून मार खायचो, आणि आता कुणीतरी आपल्यासाठी आयतं सोलून ठेवतं. टच्‌ टच्‌ फुटतात. मी डोळे मिटून खातो.

डोळे मिटले की मला आपला खेळ आठवतो. मी नोकरीला नवा होतो, तू सातवीत. मी तुटक्या बिस्किटांची पिशवी घरी आणायचो, तुझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचो आणि दोन तुकडे द्यायचो. कुठला चांगला? तू कधी "पहिला" म्हणायचीस, कधी "दुसरा", आणि तेही ठासून. मग मी सांगायचो की दोन्ही एकाच बिस्किटाचे आहेत. तू चिडून टॉवेल माझ्यावर फेकायचीस. आमच्या खात्यात याला 'जोडी लावणं' म्हणायचे. महिन्यातून एकदा साहेब न सांगता एकच माल दोन बशांत ठेवायचे. जो उगाच फरक सांगेल त्याची आठवडाभर टिंगल. साहेब म्हणायचे, "ज्याला 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटते, त्याने दुसरं खातं बघावं." तू नंतर नंतर हुशार झालीस. एकदा दोन्ही तुकडे खाऊन म्हणालीस, "दादा, मला काही कळलं नाही." मी तुला अख्खा पुडा दिला होता. आठवतं?

दादा


२९ मार्च

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत, मी त्या चाळीस वेळा वाचल्या. पोस्टमन जिन्यात भेटला तेव्हा त्याला मी उगाचच एक पुदिन्याची गोळी दिली.

तुला चकत्या मिळाल्या, आवडल्या, हे वाचून फार बरं वाटलं. त्या तू चहात बुडवून खातेस, हे वाचून तितकंच वाईट वाटलं. चिमे, त्या कुरकुरीतपणासाठी आहेत गं! पण खा. तुझ्या घरात तुझं राज्य.

शेवटची ओळ मात्र तू लिहायला नको होतीस. 'पातेलं राहू दे, मला लागत नाही, मी आता घरापुरतंच रांधते.' मी ती वाचून कार्ड टेबलावर उलटं ठेवलं, सुलट केलं, पुन्हा उलटं ठेवलं.

तुझी खानावळ निघणार होती. दोन खोल्या तू बघून ठेवल्या होत्यास, एका खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी होती, तिथे तू फळा लावणार होतीस. मला म्हणाली होतीस, "दादा, तुझ्या निरोपाचं जेवण मीच करते. चाळीस माणसांचं जमलं आणि तू 'पास' म्हणालास, की मी जागा घेते. मला दुसऱ्या कुणाचं काही ऐकायचं नाही." दोन दिवस तू राबलीस. कारखान्याच्या जेवणघरात सगळे बसले, मी तुझ्या मसुराच्या सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "चिमे, याला चवच नाही. नुसतं पाणी उकळलंयस." आणि उठून मिठाची बरणी घेऊन पातेल्यात दोन मुठी मीठ टाकलं. मी, चौतीस वर्षं चिमटीचा हिशेब ठेवलेला माणूस, मुठीने! मग माझे सगळे सोबती खाली माना घालून जेवले आणि पाण्याचे तांब्यावर तांबे रिकामे झाले. मला वाटलं, तुझ्या स्वयंपाकामुळे ते गप्प आहेत.

बघ, नंतर लिहीन म्हटलं होतं, ते लिहून टाकलं. मी असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुझी दगदग झाली होती, तुझ्या हातून थोडं इकडेतिकडे झालंही असेल, पण ते मी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं.

फळीवर या वेळी गोठवलेले मटार आहेत. कच्चेच खायचे, गोठलेलेच. बर्फाच्या गोट्या चावल्यासारखं वाटतं. करून बघ.

दादा


१२ एप्रिल

चिमे,

पार्सल मिळालं. दोन बरण्या, दोन्ही धड. तू त्या जुन्या चादरीत गुंडाळल्या होत्यास, ती निळ्या पट्ट्यांची चादर मी ओळखली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या गावच्या वाचनालयात वाचकांसाठी दुपारची जेवणाची सोय सुरू करायची आहे, ग्रंथपाल बाई तुझ्या मागे लागल्या आहेत, तू दोनदा नाही म्हणालीस, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. म्हणून तू मसुराचं सूप केलंस, एका बरणीला लाल दोरा बांधलास, दुसरीला हिरवा. 'दादा, कुठलं चांगलं ते सांग. दोन्ही चांगली नसली तर तसं सांग, मी बाईंना कायमचं नाही म्हणून कळवते. मी रागावले आहे, पण तुझ्या जिभेवर माझा अजून भरवसा आहे.'

मी दोन्ही गरम केली. दोन वाट्या भरल्या. खिडकीपाशी बसून आधी लाल, मग पाण्याची चूळ, मग हिरवी, खात्यात करायचो तसं.

मग म्हटलं, एकट्याचं मत पुरेसं नाही, आणि दोन्ही बरण्या पिशवीत घालून दुकानात गेलो. बाईंच्या मागच्या खोलीत शेगडी आहे. खालच्या मजल्यावरचा शिंपीही तिथे सुया घ्यायला आला होता, त्यालाही बसवला. बाईंनी लाल चाखलं, हिरवं चाखलं आणि काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "लालच! याला एक खमंगपणा आहे. हिरवं जरा मवाळ आहे." शिंपी म्हणाला, "बाई, तुम्ही दिवसभर मिरचीच्या पोत्याशेजारी बसता, तुम्हाला काय कळणार? हिरवंच सरस. लसूण बघा कसा अलगद लागतोय." "अलगद लागायला ते काय अस्तर आहे?" बाई म्हणाल्या. गिऱ्हाईकं दारात खोळंबली आणि हे दोघे चमचे नाचवत भांडत होते. पण दोघांनीही वाट्या पुसून खाल्ल्या, हे मी तुला खात्यातल्या माणसाची खात्री देऊन सांगतो. बाई शेवटी मला म्हणाल्या, "कुणी केलंय हे?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीने." त्या म्हणाल्या, "असली बहीण असताना तुम्ही माझ्याकडे ट्यूबमधली मोहरी खात बसता?"

आता माझं मत म्हणशील तर


१३ एप्रिल

चिमे,

कालचं पत्र तिथेच थांबलं. 'लाल' एवढंच लिहायचं होतं. दोन अक्षरं. पेन हातात धरून पाऊण तास बसलो, शाई वाळली. ते अर्धवट पत्र फाडलं नाही, यासोबत पाठवतोय, म्हणजे मी कुठपर्यंत गेलो होतो ते तुला दिसेल.

मला कळलं नाही, चिमे. लाल कुठलं, हिरवं कुठलं, दोरे काढून ठेवले तर मला सांगता येणार नाही. मला दोन्ही गरम लागली, दाट लागली, खारट लागली. बाईंचा खमंगपणा आणि शिंप्याचा लसूण मी त्यांच्या तोंडून ऐकला, माझ्या तोंडाला नाही लागला.

माझं नाक गेलंय. वास येत नाही, कशाचाही. निरोपाच्या जेवणाआधी सहा आठवडे मला ती मोठी सर्दी झाली होती बघ, तू काढा घेऊन आली होतीस. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. मला ते कळलंच नाही. जगातलं सगळं एकाएकी बेचव झालं तर माणसाने स्वतःकडे बघावं ना? मी बिस्किटांकडे बघत होतो, कारखान्याच्या लोण्याकडे बघत होतो, आणि शेवटी तुझ्याकडे बघितलं. माझी जीभ चुकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठ महिन्यांनी कळलं. मी दुधाचं भांडं शेगडीवर ठेवून पेपर वाचत बसलो होतो. शिंपी खालून धावत आला, "अहो, घर पेटलंय की काय!" खोलीत धूर, भांड्याचा कोळसा, आणि मी शेगडीपासून दोन हात अंतरावर बसलेलो. दुसऱ्या दिवशी तोच मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी माझे डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. कॉफी, लवंग, रॉकेल. मी प्रत्येक वेळी म्हणालो, "धरा ना आता." ते म्हणाले, "धरली होती." वास परत येण्याची शक्यता फार कमी आहे म्हणाले. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं कळत राहील, पण एका पदार्थाची दुसऱ्याहून वेगळी ओळख पटते ती नाकामुळे. मी रस्त्यातच बोटांवर आठवडे मोजले आणि फुटपाथवर बसलो. शिंप्याला वाटलं, नाकासाठी रडतोय.

म्हणजे तुझं जेवण चांगलं होतं. मी त्यात मीठ टाकेपर्यंत चांगलं होतं. ते खाली माना घालून बसले होते ते माझ्यामुळे. मी तुझी खानावळ बुडवली, उघडण्याआधीच.

आणि हे मला सव्वा वर्षापासून माहीत आहे. मागच्या पत्रात 'तुझ्या हातून इकडेतिकडे झालं असेल' असं लिहिलं ते ठाऊक असून लिहिलं. ती ओळ मी आता गिळतो, आणि तिची चव मला बरोबर कळतेय. का नाही कळवलं? कारण सगळंच बेचव लागत असताना, नोकरीच्या शेवटच्या सहा आठवड्यांत मी जो माल पास केला तो फोरमनचा चेहरा बघून केला. त्याने भुवई वर केली की मी मान हलवायचो. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती आतून रिकामी आहे, हे कुणाला सांगायचं? निदान तुला सांगायला हवं होतं.

एक ऐक. मी दुःखात बुडून बसलेलो नाही. दुकानवाल्या बाईंना मी काही न सांगता समजलं. गेल्या वर्षी एके दिवशी त्यांनी एक पुडा माझ्या कानाशी हलवला आणि म्हणाल्या, "हे आवाजाचं आहे, तुम्हाला चालेल." तेव्हापासून त्या फळीवरचं अर्धं सामान माझ्यासाठी येतं. झणझणीत, गार, कुरकुरीत, टच्‌कन फुटणारं. मी त्यांचा किती ऋणी आहे ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून मी मोहरीच्या ट्यूबा घेत सुटलोय. घरात आता सहा आहेत. या वर्षभरात जे जे नवीन सापडलं ते खाताना पहिल्यांदा वाटायचं, हे चिमीला सांगायला हवं. ते इतकं साठलं की शेवटी पत्र लिहिलं.

वाचनालयाला हो म्हण. माझ्या जिभेवर नको, बाईंच्या आणि शिंप्याच्या पुसलेल्या वाट्यांवर भरवसा ठेव. नाहीतर तुझ्या स्वतःच्या जिभेवर. ती मीच तयार केली होती, तुटक्या बिस्किटांवर.

दादा


४ मे

चिमे,

तीन आठवडे मी रोज जिन्यात उभा राहत होतो. पोस्टमन मला बघून लांबूनच हात हलवून 'नाही' सांगायचा. काल त्याने हात वर केला आणि त्यात पाकीट होतं.

तुझं पत्र मी दुकानात नेऊन वाचलं, कारण एकट्याने उघडायचा धीर होईना. पहिला परिच्छेद मनात वाचला. तू रडलीस, भांडी आपटलीस, दोन वर्षं आपलं चुकलं कुठे हे शोधत एकच सूप पुन्हा पुन्हा केलंस, आणि तुझा राग गेलेला नाही. जायला नकोच. असू दे तो, मी त्याच्यासोबत राहीन.

पुढचं बाईंनी मोठ्याने वाचायला लावलं. 'दादा, दोन्ही बरण्या एकाच पातेल्यातल्या होत्या.'

बाईंचा चेहरा तू बघायला हवा होतास. शिंप्याला निरोप गेला, तो गळ्यात टेप लटकवूनच आला. अजूनही तो म्हणतोय की हिरवी सरस होती, पातेल्यात तळाशी गेलेला लसूण त्या बरणीत आला असणार.

मी मात्र हसलो नाही. माझ्यावर जोडी लावलीस तू! आणि मला, साहेबांच्या हाताखाली चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला, ओळखू आलं नाही. तू लिहितेस, 'बिस्किटाचा तुकडा हुंगून भट्टीचा नंबर सांगणारा माझा भाऊ तीन पत्रं लिहितो, त्यात आवाज आहेत, गारवा आहे, डोळ्यांतलं पाणी आहे, आणि वास एकदाही नाही. मला शंका आली. म्हणून दोरे बांधले. तू लाल म्हणाला असतास किंवा हिरवं म्हणाला असतास, तर मी तुला पुन्हा कधी लिहिलं नसतं. तू कळलं नाही म्हणालास. पास झालास, दादा.'

चिमे, मला कारखान्याने घड्याळ दिलं, शाल दिली, भिंतीवर लावायला पितळी पाटी दिली. यातलं काहीही या ओळीच्या जवळपास येत नाही. मी तुझा फार फार आभारी आहे. हे तोंडाने म्हणायला गेलो तर बरळेन, म्हणून लिहून ठेवतो.

आणि शेवटची ओळ. 'वाचनालयाला हो म्हटलंय, सोमवारी सुरू. माझं पातेलं घेऊन ये. जिभेला खारट कळतं म्हणाले ना डॉक्टर? मग मीठ तू बघायचंस. चमच्याने. मुठीने नाही.'

बाईंनी लगेच गल्ल्याखालून एक छोटा चमचा काढला, मसाल्याच्या डब्यातला, आणि माझ्या खिशात घातला. वर म्हणाल्या, "उद्या येऊ नका, बिस्किटवाले. जा तिकडे." शिंपी पातेल्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवतोय, खांद्याला अडकवता येईल अशी.

चकत्यांचे चार पुडे आणतोय. एक तू चहात बुडव, मी तिकडे बघणार नाही.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो. झाकण काढून ठेव.

दादा